रोबोटिक्स इलेक्टिव्हचा प्रोजेक्ट: आर्म, स्लॅम की बॅलन्सिंग? १४ आठवडे, ४ जण, १० हजार

चौथा_बेंच

मंडळी, नमस्कार. पुण्यात थर्ड इयरला आहोत. ग्रुपमध्ये दोन मेकॅनिकलचे, दोघी ईअँडटीसीच्या. रोबोटिक्स इलेक्टिव्हचा प्रोजेक्ट ठरवायचा आहे. हातात १४ आठवडे, त्यातले दोन इन-सेम परीक्षेत जाणार. चौघांचं मिळून बजेट ₹१०,०००. गाईडची एकच अट: "चालतंय हे दाखवू नका, किती चांगलं चालतंय ते आकड्यात दाखवा."

तीन पर्याय डोक्यात आहेत:

१) ५ डीओएफ (पाच सांध्यांचा) आर्म, वर कॅमेरा, रंगाप्रमाणे ठोकळे वेगळे करायचे.
२) लायडार (लेझरने अंतर मोजणारा सेन्सर) लावलेली गाडी, आरओएस २ (रोबोंसाठीचं सॉफ्टवेअर) वर, डिपार्टमेंटच्या कॉरिडॉरचा नकाशा, म्हणजेच स्लॅम.
३) दोन चाकांचा सेल्फ बॅलन्सिंग रोबो.

जवळ एक ईएसपी३२ (मायक्रोकंट्रोलर बोर्ड), उबुंटू २२.०४ चा एक लॅपटॉप आणि कॉलेजचा थ्रीडी प्रिंटर (त्याला रांग असते). सी++ सगळ्यांना जमतं, पायथन दोघींना. काय घ्यावं, आणि कशात अडकू?

---

पीआयडी_काका

गाईडनी अर्धं काम करून दिलंय. शेवटच्या स्लाइडवर कोणता आलेख असेल, उभ्या अक्षावर काय, आडव्या अक्षावर काय, हे आज कागदावर काढा. जो आलेख काढता येत नाही तो प्रोजेक्ट गळला.

आर्मचा आकडा म्हणजे रिपीटॅबिलिटी: टोकाला पेन लावा, एकाच बिंदूला ३० वेळा पाठवा, ग्राफ पेपरवर ठिपके किती पसरले ते मोजा. नकाशाचा आकडा म्हणजे टेपने मोजलेली कॉरिडॉरची लांबी आणि नकाशातली लांबी यांतला फरक. बॅलन्सिंगमध्ये तर आकडेच आकडे आहेत: कोनाची आरएमएस चूक, धक्क्यानंतर सावरायला लागलेला वेळ, किती अंशांच्या कलापर्यंत सावरतो.

माझं मत बॅलन्सिंगला. पार्ट कमी, कंट्रोल थिअरी भरपूर. फक्त या चार जागी लोक हमखास पडतात:

पिवळ्या बीओ मोटरी घेऊ नका. गिअरमध्ये इतका खेळ असतो की रोबो उभ्या स्थितीभोवती सतत थरथरतो, आणि मग लोक आठवडाभर केडी (पीआयडी, म्हणजे चुकीवरून मोटरचा जोर ठरवणारा कंट्रोलर, त्याचा एक गुणांक) बदलत बसतात. तो खेळ केडीने जात नाही. एल२९८एन मोटर ड्रायव्हर पण नको, १ अँपिअरला २ व्होल्टच्या आसपास त्याच्यातच पडतात. लूप पक्का ५ मिलिसेकंदांचा ठेवा, टायमरवर. मध्ये सिरीयल प्रिंट घातलं की वेळ हलते आणि डेरिव्हेटिव्ह वेडंवाकडं येतं. चौथं सगळ्यात महत्त्वाचं: नुसत्या कोनाच्या पीआयडीवर रोबो उभा राहतो, पण एका दिशेने पळत सुटतो. कारण तोलाचा खरा कोन शून्य नसतो, बॅटरी दोन मिलिमीटर पुढे सरकली तरी बदलतो. त्यासाठी बाहेरून चाकाच्या वेगाचा दुसरा लूप लागतो, म्हणजेच एन्कोडर (चाक किती फिरलं ते मोजणारे सेन्सर) लागतात. ते पहिल्या खरेदीतच घ्या.

कोन मोजणाऱ्या एमपीयू६०५० सेन्सरला (जायरो आणि ॲक्सेलरोमीटर एकत्र) कॉम्प्लिमेंटरी फिल्टर पुरतो: ०.९८ जायरोचा, ०.०२ ॲक्सेलरोमीटरचा. कालमन फिल्टरच्या मागे लागू नका, व्हायव्हात समजावता आलं नाही तर उलटच होतं.

---

शिसं_आणि_फ्लक्स

आर्म घेणार असाल तर आधी पाच मिनिटांचं गणित करा. बहुतेक ग्रुप ते सर्वो (सांगितलेल्या कोनाला वळणाऱ्या मोटरी) विकत घेतल्यावर करतात.

समजा पोहोच ३० सेंमी, ठोकळा १०० ग्रॅम, खांद्याला एमजी९९६आर सर्वो. आर्म आडवा असताना खांद्यावर येणारा टॉर्क:

ठोकळा ०.१ × ३० = ३.०
मनगट आणि ग्रिपर ७० ग्रॅम, २७ सेंमीवर = १.९
कोपराचा सर्वो ५५ ग्रॅम, १५ सेंमीवर = ०.८
लिंक ६० ग्रॅम, १५ सेंमीवर = ०.९

बेरीज ६.६ किलो-सेंमी. डेटाशीटवर ४.८ व्होल्टला ९.४ लिहिलंय म्हणून लोक खूश होतात. पण तो स्टॉल टॉर्क, म्हणजे जिथे सर्वो अडकून उभा राहतो तो. रोज वापरायचा तर निम्मा धरा, ४.७. झालं, आर्म मान टाकणार. आता पोहोच २० सेंमी, ठोकळा ५० ग्रॅम आणि लिंक ४० ग्रॅम करून तीच बेरीज मांडा: १.० + १.२६ + ०.५५ + ०.४ = ३.२. बसलं. म्हणजे आर्म करा, पण छोटा करा. ठोकळे थर्माकोलचे घ्या, कोणी नावं ठेवत नाही.

दुसरं, आकड्याला मर्यादा सर्वोचीच येते. सर्वोंना सिग्नल देणारा पीसीए९६८५ बोर्ड ५० हर्ट्झला २० मिलिसेकंदांचे ४०९६ भाग करतो, म्हणजे एक पायरी ४.९ मायक्रोसेकंदांची. १८० अंशांना साधारण २००० मायक्रोसेकंद धरले तर एक पायरी ०.४४ अंश. २० सेंमी लांब टोकाला दीड मिलिमीटर. गिअरचा खेळ वेगळाच, तो यात धरलेलाच नाही. तेव्हा रिपोर्टात "०.१ मिमी अचूकता" लिहिलंत तर एक्स्टर्नल तिथेच धरतील.

पॉवर: एका एमजी९९६आरचा स्टॉल करंट ६ व्होल्टला २.५ अँपिअर. चार एकदम हलले तर मोबाईलचा चार्जर काय करणार? एलईडी पट्ट्यांना मिळतो तो ५ व्होल्ट १० अँपिअरचा एसएमपीएस (पॉवर सप्लाय) घ्या, पीसीएच्या टर्मिनलवर १००० मायक्रोफॅरडचा कपॅसिटर, आणि ईएसपीचा ग्राउंड त्याच ग्राउंडला. ग्राउंड जोडायचा राहिला की सर्वो अंगात आल्यासारखे नाचतात.

कॅमेऱ्यात ऑटो एक्स्पोजर आणि ऑटो व्हाइट बॅलन्स बंद करा, नाहीतर हात मध्ये आला की सगळ्या ठोकळ्यांचे रंग बदलतात. ओपनसीव्हीत ह्यू (रंगछटेचा आकडा) ० ते १७९ असतो आणि लाल रंग दोन्ही टोकांना येतो. लालसाठी दोन रेंज लावून बेरीज करायची. हे माहीत नसल्याने "लालच सापडत नाही" म्हणून दरवर्षी कोणीतरी विचारतंच.

---

एन्कोडरवाली

तिन्ही ठीक आहेत, पण तुमच्या गाईडच्या अटीला सगळ्यात नेमका बसणारा प्रोजेक्ट यादीत नाही: दोन चाकांची साधी गाडी घ्या आणि तिची ओडोमेट्री (चाकं किती फिरली त्यावरून गाडी कुठे आहे ते काढणं) कॅलिब्रेट करा. ऐकायला फुसका वाटतो, म्हणून आधी एक आकडा.

एन२० मोटरला ४३ मिमीची चाकं, दोन चाकांत १४० मिमी अंतर. एक चाक ४३.० आणि दुसरं ४३.३ निघालं. रबराच्या टायरमध्ये हा फरक सहज असतो, व्हर्निअरने नीट मोजताही येत नाही कारण रबर दबतं. ०.३ मिमी म्हणजे ०.७ टक्के. एन्कोडरच्या मते दोन्ही चाकं सारखी फिरली, गाडी सरळ गेली. प्रत्यक्षात ४ मीटरमध्ये एक चाक २८ मिमी जास्त चाललं. २८ भागिले १४० म्हणजे ०.२ रेडियन, ११ अंशांपेक्षा जास्त वळण. बाजूला सरकलेली गाडी साधारण ४० सेंमी! पाव-अर्ध्या मिलिमीटरपायी ४० सेंमी. आणि पीआयडी कितीही ट्यून केला तरी हे जात नाही, कारण पीआयडीला चूक दिसतच नाही.

दुसरी चूक चाकांमधल्या अंतराची. तुम्ही मोजलं १४०, पण टायर जमिनीला रेषेत नाही, पट्ट्यात टेकतो. प्रभावी अंतर १४३ असेल तर ९० अंश सांगितल्यावर गाडी ८८ वळते.

आता या दोन चुका वेगळ्या कशा करायच्या? यासाठी मिशिगन विद्यापीठात बोरेनस्टाइन आणि फेंग यांनी १९९० च्या दशकात यूएमबीमार्क नावाची चाचणी मांडली. गाडीला चौकोनात फिरवून सुरुवातीच्या जागी आणायचं, ५ वेळा घड्याळाच्या दिशेने, ५ वेळा उलट. मूळ चाचणीत बाजू ४ मीटर असते, कॉरिडॉरमध्ये २ मीटर पुरे. दोन्ही दिशा का, यातच गंमत आहे. चाकांमधलं अंतर चुकलं तर दोन्ही दिशांना गाडी सारखीच कमी किंवा सारखीच जास्त वळते. चाकांचे व्यास वेगळे असतील तर एका दिशेला जास्त आणि दुसऱ्या दिशेला कमी. एकाच दिशेने फिरवलंत तर एक चूक दुसरीला झाकून टाकते, गाडी नेमकी जागेवर येते आणि तुम्ही पार्टी करता. उलटी फिरवा, मग बघा.

गणित इतकंच. पहिली बाजू एक्स अक्षावर धरा. प्रत्येक फेरीनंतर खरा एक्स वजा गाडीने सांगितलेला एक्स. घड्याळी ५ फेऱ्यांची सरासरी क, उलट ५ फेऱ्यांची ख, चौकोनाची बाजू ल.

अल्फा = (क + ख) ÷ (−४ल)
बीटा = (क − ख) ÷ (−४ल)

दोन्ही रेडियनमध्ये. अल्फा अंशात करा; चाकांमधलं खरं अंतर = मोजलेलं अंतर × ९० ÷ (९० − अल्फा). बीटावरून वक्राची त्रिज्या = (ल ÷ २) ÷ साइन(बीटा ÷ २). उजव्या आणि डाव्या व्यासाचं गुणोत्तर = (त्रिज्या + अर्धं अंतर) ÷ (त्रिज्या − अर्धं अंतर). व्यासांची सरासरी तीच ठेवून दोन्ही व्यास या गुणोत्तरात वाटून द्या आणि पुन्हा १० फेऱ्या मारा. चूक घटण्याऐवजी जवळजवळ दुप्पट झाली तर कुठेतरी चिन्ह उलटं लागलंय, बाकी काही शोधू नका.

शेवटची स्लाइड: ग्राफ पेपरवर दुरुस्तीआधीच्या दहा ठिपक्यांचे दोन पुंजके, शून्यापासून लांब, दुरुस्तीनंतरचे दोन पुंजके, शून्याजवळ. पुंजका शून्याकडे किती सरकला तो तुमचा आकडा. पुंजक्याचा पसारा मात्र तितकाच राहतो, कारण तो घसरण्यामुळे आणि फरशीमुळे येतो, कॅलिब्रेशनने जात नाही. हा फरक समजावून सांगितलात की व्हायवा तिथेच संपतो.

---

टॉपिक_इको

एन्कोडरवालींना दुजोरा, वेगळ्या कारणाने. पर्याय २ घेणारे अडकतात ते इथेच. स्लॅम टूलबॉक्सला (नकाशा बनवणारं आरओएस २ चं पॅकेज) ओडोमेट्री लागते. ती खराब असेल तर नकाशात एकच भिंत दोन-दोन दिसते आणि लोक लायडारला दोष देतात. शिवाय १० हजारांतला मोठा तुकडा एकटा लायडार खाणार, मग रास्पबेरी पाय कशात आणणार?

तरी नकाशाच करायचा असेल तर सिम्युलेटरमध्ये करा, टर्टलबॉट३ चं मॉडेल तयार मिळतं. उबुंटू २२.०४ वर आरओएस २ ची हंबल आवृत्तीच टाका, जॅझी २४.०४ साठी आहे. व्हर्च्युअल मशीनमध्ये गझीबो सिम्युलेटर चालवू नका, रडवतं.

खरी गाडी वायफायवर असेल तर दोन गोष्टी. कॉलेजच्या वायफायवर मल्टिकास्ट (एकदम सगळ्यांना जाणारे संदेश) बहुधा अडवलेलं असतं, आरओएसचे नोड (प्रोग्रॅम) एकमेकांना दिसत नाहीत; स्वतःचा हॉटस्पॉट लावा. आणि लॅबमध्ये दोन ग्रुप आरओएस २ वर असतील तर प्रत्येकाने आपला डोमेन आयडी वेगळा ठेवा. नाहीतर शेजारच्या ग्रुपने वेगाची कमांड सोडली की तुमची गाडी टेबलावरून खाली.

काचेच्या दारातून लेझर आरपार जातो, तेव्हा ऑफिससमोरचा कॉरिडॉर नको.

---

चौथा_बेंच

सगळ्यांचे आभार. ग्रुपमध्ये बोललो, ओडोमेट्रीकडे कल आहे. गाईडना सांगितलं तर म्हणाले, "गाडी चौकोनात फिरवणं म्हणजे प्रोजेक्ट?" त्यांना काय सांगू? शिवाय गाडी नेमकी कुठे थांबली हे मिलिमीटरमध्ये मोजायचं कसं? आणि पार्ट काय काय घेऊ?

---

एन्कोडरवाली

गाईडना शीर्षक बदलून सांगा: "डिफरन्शियल ड्राइव्ह रोबोच्या पद्धतशीर ओडोमेट्री चुकांचं मापन आणि दुरुस्ती, जायरोसह आणि जायरोशिवाय तुलना." चौकोन ही चाचणी आहे, प्रोजेक्ट नाही. एमपीयू६०५० घालून तिसरा पुंजका काढा: वळण जायरोवरून, अंतर एन्कोडरवरून. प्रत्येक फेरीआधी गाडी ३ सेकंद स्थिर ठेवून जायरोचा बायस (गाडी स्थिर असतानाही तो दाखवतो तो वेग) काढायचा. ०.०५ अंश प्रति सेकंद बायस राहून गेला तर मिनिटाभरात ३ अंश गेले. स्केल ±२५० ला १३१ काउंट म्हणजे १ अंश प्रति सेकंद.

मोजायची युक्ती सोपी आहे. चेसिसला दोन भोकं पाडा, पेन्सिलचं टोक जेमतेम जाईल एवढी. एक बरोबर दोन चाकांच्या मध्यावर, दुसरं त्याच्या १० सेंमी पुढे. सुरुवातीच्या जागी जमिनीवर ए३ ग्राफ पेपर चारही बाजूंनी मास्किंग टेपने चिकटवा, कडा उचललेली नको. निघण्याआधी दोन्ही भोकांतून ठिपके, परत आल्यावर पुन्हा दोन ठिपके. पहिल्या ठिपक्यावरून एक्स आणि वाय, दोन्ही जोडून दिशा. १० सेंमीवर १ मिमी चुकलात तर दिशा ०.६ अंशाने चुकते, हे रिपोर्टात लिहा. जमिनीवर चौकोन आखायची गरज नाही. सुरुवातीची दिशा थोडी चुकली तरी फारसं बिघडत नाही, कारण वाट बंद होते, सगळा चौकोनच किंचित फिरतो.

पार्ट:

एन२० मोटर, ६ व्होल्ट, २०० आरपीएमच्या आसपास, मागे एन्कोडर: २ लागतात, ४ घ्या, एकाच दुकानातून एकाच वेळी.
ड्रायव्हर टीबी६६१२एफएनजी: २. स्टँडबाय पिन हाय करायला विसरू नका, "मोटरच फिरत नाही" याचं पहिलं कारण तेच.
ईएसपी३२: आहेच, एक जादा. एमपीयू६०५०: १.
१८६५० सेल २, होल्डर, चार्जर आणि ५ व्होल्टचा बक कन्व्हर्टर. ज्यावर ९८०० एमएएच छापलंय तो सेल हातात धरू नका, या आकारात ३५०० च्या वर फारसं काही येत नाही.
बॉल कॅस्टर (टेकूसाठी मोकळी फिरणारी गोळी) १, चेसिसला ३ मिमी ॲक्रिलिक.

बुधवार पेठेत तपकीर गल्लीत फिरलात तर बहुतेक सगळं मिळेल, आणि निम्म्याहून जास्त बजेट शिल्लक राहील.

भरलेले दोन सेल ८.४ व्होल्ट देतात आणि मोटर ६ ची आहे, तेव्हा पीडब्ल्यूएम (मोटरला सरासरी किती व्होल्टेज द्यायचं ते प्रमाण) ७० टक्क्यांवर थोपवा. एन्कोडर ३.३ व्होल्टवर चालवा, ५ व्होल्टचे पल्स ईएसपीत घालू नका. पल्स मोजायला ईएसपी३२ चा हार्डवेअर पल्स काउंटर वापरा, इंटरप्टच्या भानगडीत पडायलाच नको. एन्कोडर १२ नंबरच्या पिनला लावू नका. सुरू होताना तिथे हाय आलं की बोर्ड बूटच होत नाही. ३४ ते ३९ पिनांना आतून पुल-अप नाही, त्यामुळे त्याही टाळलेल्या बऱ्या.

फेरीमागचे काउंट कागदावरून घेऊ नका. ७ पल्स × ४ × गिअर ५० म्हणजे १४०० असं गणित येतं, पण गिअरचं गुणोत्तर छापील आकड्याइतकं नेमकं असेलच असं नाही. टायरवर खूण करा, मोटर हळू चालवून १० फेऱ्या मोजा, काउंटला १० ने भागा.

वेळ: चौथ्या आठवड्याअखेर गाडी सरळ २ मीटर जायलाच हवी. सहाव्यापर्यंत चौकोन. पहिल्या १० फेऱ्या इन-सेमच्या आधी मारून ठेवा, म्हणजे मधल्या काळात गणित करता येईल. जायरो दहाव्या आठवड्यानंतर. बाराव्यानंतर गाडीला हात लावायचा नाही, फक्त लिहायचं.

---

शिसं_आणि_फ्लक्स

एक भर. बॅटरी प्रत्येक फेरीला सारखीच भरलेली हवी असं नाही, पण वेग एन्कोडरवरून बांधलेला हवा. नाहीतर दहाव्या फेरीला गाडी हळू चालते, कमी घसरते, आणि तुम्हाला वाटतं कॅलिब्रेशन सुधारलं. २० सेंमी प्रति सेकंद ठेवा, सुरुवात आणि थांबणं रॅम्पने.

---

चौथा_बेंच

गाईड नव्या शीर्षकावर तयार झाले. शेवटचा प्रश्न: आमच्या कॉरिडॉरला शहाबादी फरशी आहे, सांधे बरेच खोल. चालेल?

---

एन्कोडरवाली

नाही. कॅस्टर सांध्यात अडकला की गाडी अंशभर वळते, आणि प्रत्येक फेरीला वेगळी. पुंजका पसरेल आणि खरी चूक त्यात बुडेल. ड्रॉइंग हॉल किंवा सेमिनार हॉलची गुळगुळीत टाइल बघा. सकाळी झाडून घ्या, आणि दर फेरीआधी टायर ओल्या फडक्याने पुसून कोरडे करा. धुळीचा टायर टाइलवर घसरतोच. मग हौस म्हणून शहाबादीवर पाच फेऱ्या मारा आणि तो पुंजका शेजारी छापा.

---

पीआयडी_काका

आणि चार मोटरींपैकी उरलेल्या दोन मला विका, बॅलन्सिंगवाला ग्रुप येतोच आहे.